घरातली निगेटिव्ह आणि आकाशाच्या स्लाइड: एकच फिल्म स्कॅनर पुरेल का?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. वडिलांनी आग्फा क्लिक थ्रीने काढलेली कृष्णधवल निगेटिव्ह, नंतरच्या काळातली ३५ मिमी रंगीत निगेटिव्ह आणि १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूच्या वेळी मी पानशेतच्या बाजूला जाऊन काढलेल्या स्लाइड, असा सगळा संग्रह मला डिजिटल करायचा आहे. एप्सन व्ही६०० हा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) घ्यावा की प्लस्टेक ८२००आय हा खास ३५ मिमी फिल्मचा स्कॅनर, हे ठरत नाही. डीपीआयचे (दर इंचाला किती बिंदू टिपले जातात त्याचे) आकडे पाहिले तर दोन्ही गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाटतात.

उत्तर (सदाशिव पेठ)

जाहिरातीतल्या डीपीआयवर जाऊ नका. व्ही६०० वर ६४०० लिहिलेले असले, तरी फिल्मवरचा जो तपशील खरोखर हाती येतो तो १६०० डीपीआयच्या आसपासचा असतो, आणि प्लस्टेकच्या ७२०० मधून त्याच्या साधारण दुप्पट मिळतो. ३५ मिमी चौकटीचे १६०० डीपीआयने सुमारे २२६८ × १५१२ पिक्सेल होतात. म्हणजे अल्बममधल्या ५ × ७ इंची प्रिंटला फ्लॅटबेड पुरतो. शिवाय क्लिक थ्रीची निगेटिव्ह १२० फिल्मवरची, ६ × ६ सेंमीची आहेत, ती प्लस्टेकमध्ये बसणारच नाहीत. तेव्हा घरच्या छायाचित्रांपुरता प्रश्न मिटला.

आकाशाचे मात्र वेगळे आहे. निगेटिव्हवर रात्रीचे आकाश हा फिल्मचा सर्वांत पातळ, पारदर्शक भाग असतो, त्यामुळे साधा स्कॅनरही तो सहज वाचतो. स्लाइडवर चित्र उलटे नसून सरळ असते, म्हणून तेच आकाश सर्वांत दाट असते, आणि धूमकेतूच्या शेपटीचे फिकट टोक त्या दाट काळ्यातच दडलेले असते. तिथे स्वस्त फ्लॅटबेडचा गडद भागातला गोंगाट (खोटे ठिपके) शेपटीवर पसरतो. तुमच्याकडे स्लाइड आहेत, म्हणून डीपीआयपेक्षा स्कॅनर किती घनतेपर्यंत वाचतो हे आधी पाहा. स्कॅन १६-बिट टिफमध्ये (छटांच्या जास्त पायऱ्या जपणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा. जेपेगमधून शेपटी ओढून वर काढू गेलात तर पट्टे उमटतात.

स्कॅनरमधल्या धूळ काढण्याच्या सोयीबद्दलही सांगतो. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांतून आरपार जातो आणि धुळीला अडतो, म्हणून रंगीत स्लाइडवरचे तारे त्यात सहसा शाबूत राहतात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हा प्रकाश अडवते, तेव्हा वडिलांच्या निगेटिव्हसाठी ही सोय बंदच ठेवावी. अवरक्त किरणांशिवाय केवळ सॉफ्टवेअरने डाग पुसणारी सोय ताऱ्यांवर अजिबात वापरू नका, कारण तिला बारीक तारा आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही.

उत्तर (औंध)

वरचे बहुतेक पटते, पण स्लाइड थोड्याच असतील तर त्यांच्यासाठी वेगळा स्कॅनर घेण्याची गरज मला दिसत नाही. मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आणि मागून उजेड देणारी चांगली एलईडी पाटी हाताशी असेल, तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पूर्ण चौकट भरून स्लाइड टिपल्यास ४००० डीपीआयहून अधिक बिंदू मिळतात. कमी-अधिक एक्स्पोजरच्या काही प्रती घेऊन त्या जोडल्या की दाट भागातला कॅमेऱ्याचा गोंगाट कमी होतो. फिल्मचे दाणे मात्र त्याने हलत नाहीत. त्यासाठी त्याच आकाशाच्या दोन निराळ्या स्लाइड एकमेकींवर जुळवाव्या लागतात, आणि १९९७ मध्ये आपण सगळे एका दृश्याच्या दोन-तीन चौकटी घेतच होतो.

कॅमेरा आणि फिल्म समांतर असणे फार महत्त्वाचे आहे, नाहीतर कोपऱ्यातले तारे फुगतात.

प्रश्नकर्ता (कोथरूड)

दोघांचेही आभार. म्हणजे घरच्या निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड आणि धूमकेतूसाठी कॅमेरा, असे धरतो. काही स्लाइडवर पावसाळ्यात बुरशी आली आहे, ती पुसावी का?

उत्तर (सदाशिव पेठ)

पाणी लावू नका, बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते. फुंकणीने सुटी धूळ उडवा, आहे त्या अवस्थेत आधी स्कॅन करा आणि मग स्लाइड सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.