बाबांच्या पायाला गळू, पोटीस बांधू का?

रानवाट:
बाबा ६२ वर्षांचे, साखर आहे. लावणीत आठ दिवस गमबूट घालून चिखलात होते. घोट्याच्या वर, बुटाची कड घासते तिथे आधी पुटकुळी आली. आता सुपारीएवढं गळू झालंय, मधोमध पिवळं तोंड. आजी म्हणते, कणीक-हळदीचं पोटीस बांध, पिकलं की दाबून काढ. रात्रभर ठणका लागतो, त्यांचं कण्हणं ऐकवत नाही.

ड्रेसिंगवाली ताई:
दाबू नका, सुई तर अजिबात नको. घासलेल्या जागी केसाच्या मुळाशी जंतू शिरतात. दाबलं की पू आत पसरतो. पोटीसही नको. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून १० मिनिटं शेका, दिवसातून तीन-चारदा. पाणी तुमच्या कोपराने बघा, साखरेवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही. पण साखर आहे म्हणून उद्याच डॉक्टरांना दाखवा. ताप, वर चढणारी लाल रेघ किंवा जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) असेल तर आजच.

काजूबाग:
मलाही तळव्याला 'गळू' झालं होतं. तळव्याला केसच नसतात, मग केसतूड कुठलं? आत बाभळीचा काटा मोडलेला निघाला. पायाला काही टोचलं होतं का, ते बाबांना विचारा.

रानवाट:
जांघेत गाठ लागली, म्हणून रात्रीच नेलं. चीर देऊन पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. साखर २८० निघाली. ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी पोटीसच बांधलं असतं. टॉवेल वेगळा ठेवलाय, बूट उन्हात वाळत घातलेत.