मदत हवी आहे: फ्रान्समधील जुन्या दगडी घराच्या बाहेरच्या भिंतीला कोणता गिलावा करावा?

नमस्कार.

आम्ही फ्रान्समध्ये तुरेन भागात, शिनोंजवळच्या एका खेड्यात राहतो. आमचे घर एकोणिसाव्या शतकातले असून त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीच्या गिलाव्याबद्दल मला सल्ला हवा आहे. अटलांटिकवरून येणारा पाऊस हीच भिंत थेट अंगावर घेते. ती सुमारे पन्नास सेंटिमीटर जाड आहे. आतले बांधकाम ओबडधोबड डबराचे आहे, तर कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी घडीव दगडाच्या आहेत. दोन्ही ठिकाणी दगड एकच, या भागात सर्वत्र वापरलेला ‘त्युफो’ हा पांढरट चुनखडक. तो खिळ्याने ओरखडा उठावा इतका मऊ असतो आणि पाणी भरपूर शोषून घेतो.

आधीच्या मालकांनी या भिंतीला सिमेंटचे प्लास्टर केले होते. आता हातोडीने ठोकून पाहिले की निम्म्याहून अधिक भागातून पोकळ आवाज येतो, बारीक भेगांतून पाणी आत शिरते आणि आतल्या बाजूला जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत लोणा लागला आहे. मला समजलेले कारण असे: जुन्या घराच्या पायात ओल अडवणारा थर नसल्यामुळे जमिनीतील ओल भिंतीत चढते, बाहेरचे सिमेंट तिला वाट देत नाही, आणि मग ती आतल्या बाजूने बाहेर पडते व क्षार तिथेच सोडून जाते.

तीन गवंड्यांना बोलावले आणि तिघांनी तीन वेगळे सल्ले दिले. पहिला म्हणाला की सुटलेले तेवढे काढावे आणि सगळ्यावर ‘मोनोकूश’, म्हणजे पोत्यातून तयार येणारा एकथरी गिलावा, यंत्राने मारावा. दोन दिवसांत काम संपेल. दुसऱ्याने सर्व सिमेंट काढून ‘एनएचएल ३.५’ या नैसर्गिक जलीय, म्हणजे पाण्याच्या संपर्कात घट्ट होणाऱ्या चुन्याचा तीन थरांचा गिलावा सुचवला: आधी खरखरीत पकड देणारा पातळ थर, मग मुख्य जाड थर आणि शेवटी स्थानिक वाळूचा हात. तिसऱ्याच्या मते गिलावाच नको, दगड उघडे ठेवून नुसत्या दगडांमधल्या फटी भराव्यात. हे शेवटचे फोटोत छान दिसते खरे, परंतु डबराच्या भिंती मुळात गिलाव्याखाली झाकण्यासाठीच बांधल्या जात, आणि एवढा सच्छिद्र दगड पश्चिमेच्या पावसात उघडा टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

चुना घ्यायचा हे माझ्यापुरते ठरले आहे. वाईच्या आमच्या वाड्यात घाण्यात मळलेल्या चुन्याच्या भिंती मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत माझा थोडा पक्षपात असेल, हे मान्य करतो. अडचण आहे ती कोणता चुना, या प्रश्नाची. ‘एनएचएल’च्या नावातील आकडा अठ्ठावीस दिवसांनंतरची किमान दाबशक्ती मेगापास्कलमध्ये सांगतो, म्हणजे आकडा वाढला की गिलावा अधिक कडक. गिलावा दगडापेक्षा मऊ असावा, हा नियम धरला तर त्युफोवर ३.५ जास्त होत नाही का? मी ‘एनएचएल २’ किंवा हवेत मुरणारा ‘सीएल ९०’ यांचा विचार करत आहे. मात्र दुसऱ्या गवंड्याच्या मते पावसाच्या बाजूला इतका मऊ चुना टिकणार नाही. खालचे थर ‘एनएचएल २’ चे आणि शेवटचा हात ‘सीएल ९०’ चा, असे कोणी केले आहे का?

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. गवंडी ऑक्टोबरअखेरीस मोकळा होतो. तापमान पाच अंशांच्या खाली जाऊ नये आणि ताज्या चुन्याला गोठण पकडू नये, हे पाहता मला एप्रिलपर्यंत थांबणे बरे वाटते. तसे केल्यास सिमेंट आत्ताच काढून भिंत हिवाळाभर उघडी ठेवावी का? तिला सुकायला वेळ मिळेल हे खरे, पण पाऊसही तिच्यावरच पडेल.

परवानगीची बाजू बरीच स्पष्ट आहे. जवळच संरक्षित वास्तू असल्यामुळे मेरीत, म्हणजे इथल्या ग्रामपालिकेत, कामाची पूर्वसूचना द्यावी लागेल आणि रंगाबाबत सरकारी वास्तुविशारदाचे मत घेतले जाईल. एका विक्रेत्याने मात्र घाबरवले की २०१७ पासून गिलावा नवा करायचा तर बाहेरून उष्णतारोधक थर लावणे सक्तीचे आहे. माझ्या वाचनाप्रमाणे ती सक्ती वीट, काँक्रीट व धातूच्या भिंतींपुरती असून दगडी भिंतीला लागू नाही. इथे घर दुरुस्त केलेल्या कोणाला याचा अनुभव असल्यास कृपया दुजोरा द्यावा.

शेवटची शंका घडीव कोपऱ्यांची आहे. गिलावा त्यांच्या पृष्ठभागाशी अगदी समतल संपावा, उंच कडा राहू नये, असे मी सांगितले आहे, कारण त्या कडेवर पाणी साचते. परंतु सिमेंट काढताना याच दगडांचे कोपरे तुटण्याची भीती आहे. विजेच्या ब्रेकरऐवजी छिन्नी-हातोडीचाच आग्रह धरावा का, की त्यामुळे होणारा मजुरीचा वाढीव खर्च व्यर्थ ठरेल?