मदत हवी आहे : ऋण संख्यांची वजाबाकी सरावात कशी आणावी?

नमस्कार. मी इयत्ता सहावीच्या मुलांना गणित शिकवते. ऋण संख्यांची वजाबाकी शिकवताना मी काळ्या सोंगट्या धन आणि तांबड्या ऋण मानते. एक काळी व एक तांबडी मिळून शून्य होते, हे मुलांना चटकन पटते. ५ − (−३) करताना पाच काळ्या सोंगट्यांत शून्याच्या तीन जोड्या घालून तीन तांबड्या काढल्या की आठ काळ्या उरतात, हेही ती स्वतः करून दाखवतात.

अडचण पुढे येते. −२७ − (−४५) सारखे उदाहरण दिले, की सोंगट्या पुरत नाहीत आणि मुले ‘वजा वजा अधिक’ हा मंत्र म्हणत १८ ऐवजी −७२ असे उत्तर लिहितात. (हा मंत्र त्यांना घरूनच मिळतो, असा माझा संशय आहे.) प्राचीन भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम संपत्ती आणि कर्जाच्या भाषेत मांडले होते. तेच उदाहरण मी वापरून पाहिले, परंतु ‘कर्ज काढून घेणे’ या शब्दांनीच मुलांचा गोंधळ वाढला.

सोंगट्यांकडून मोठ्या संख्यांकडे नेणारा, पत्त्यांचा किंवा संख्यारेषेवरचा एखादा खेळ आपण वर्गात वापरला असल्यास कृपया नियमांसह कळवावा. वर्गात ४२ मुले असून तासिका ३५ मिनिटांची आहे.