लहान ब्रुअरी मोठ्या कंपन्यांपुढे नेमकी कशाच्या बळावर टिकते?

हिशेबनीस यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्या एका परिचिताने लहान ब्रुअरी काढण्याचे ठरवले असून तिच्या जमाखर्चाचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बिअर कशी तयार होते याची जुजबी माहिती मी करून घेतली आहे. अडचण आहे ती बाजाराचे चित्र समजून घेण्याची. जगात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी सुमारे एक चतुर्थांश बिअर आज एकाच कंपनीच्या ताब्यात आहे. २००८ मध्ये बेल्जियमच्या इनबेव्ह या बिअर कंपनीने अमेरिकेतील अनहायझर-बुश ही कंपनी ५२ अब्ज डॉलरना घेतली आणि २०१६ मध्ये या एकत्रित कंपनीने १०० अब्ज डॉलरहून अधिक मोजून सॅबमिलर या दुसऱ्या बड्या बिअर कंपनीलाही आपल्यात ओढून घेतले. हे पाहता लहानांना जागाच उरू नये. प्रत्यक्षात मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस ज्या अमेरिकेत शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या, तिथे आज नऊ हजारांहून अधिक आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला उलगडत नाही. लहान ब्रुअरीची मोठीशी स्पर्धा नक्की कशात असते: चवीत, भावात की आणखी कशात? ज्यांनी हा व्यवसाय जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना ब्रूअर यांचे उत्तर:

मी अकरा वर्षे दोन लहान ब्रुअऱ्यांमध्ये काम केले, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल.

भावाचा विषय आधी संपवून टाकतो, कारण त्यात लढाईच नाही. बिअरची एक बॅच लावायची म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा बार्ली) भरडायचे, ते सुमारे ६५ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गोड अर्क निथळून घ्यायचा, हॉप्स (कडवटपणा आणि दरवळ देणारी एका वेलीची फुले) घालून तो तास-दीड तास उकळायचा, गार करून टाकीत सोडायचा, त्यात यीस्ट घालायचे आणि मग उरलेला सारा वेळ भांडी, नळ्या व फरशी धुण्यात घालवायचा. या कामाला आठ ते दहा तास लागतात आणि बॅच हजार लिटरची असो की पन्नास हजार लिटरची, तास जवळपास तेवढेच लागतात. टाकीचे तेच. आकारमान दहापट केले तरी तिला लागणारा पत्रा पाचपटही वाढत नाही. त्याशिवाय मोठ्या कंपन्या बिअर जाणूनबुजून तीव्र आंबवतात आणि शेवटी पाणी घालून ठरलेल्या मापावर आणतात, म्हणजे त्याच टाकीतून अधिक माल निघतो. माल्टचे आणि हॉप्सचे करार त्या कित्येक वर्षांसाठी आगाऊ करतात. आपल्या परिचितांनी मोठ्यांच्या भावाच्या जवळपास जाण्याचा प्रयत्न केला, तर प्रत्येक पिंपामागे थोडेथोडे नुकसान सोसत ते वर्षभरात दुकान बंद करतील.

कच्च्या मालाच्या आणि डब्यांच्या बाबतीत लहानाचे हात किती बांधलेले असतात, याचे एक उदाहरण देतो. २०२१ च्या अखेरीस बॉल या ॲल्युमिनियमचे कॅन बनवणाऱ्या बड्या कंपनीने छापील कॅनची किमान मागणी एका ट्रकवरून पाच ट्रकांवर नेली, म्हणजे एकाच छपाईचे सुमारे दहा लाख कॅन. वर्षाला पाच-सहा प्रकारची बिअर करणाऱ्या ब्रुअरीने एवढे कॅन घ्यायचे कोणत्या पैशातून आणि ठेवायचे कुठे? बऱ्याच जणांनी मग कोरे कॅन घेऊन त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, किंवा मध्यस्थाला जादा पैसे मोजले. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला हा बदल जाणवलाही नसेल.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते खरी स्पर्धा टाकी आणि ग्लास यांच्यामधल्या वाटेवर होते. ही वाट ज्याच्या हातात, बाजार त्याच्या हातात. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर उत्पादक, वितरक आणि किरकोळ विक्रेता अशा तीन पायऱ्या कायद्याने वेगळ्या केल्या गेल्या, कारण त्याआधी मद्यालये ब्रुअऱ्यांच्याच मुठीत असत. हेतू चांगला होता, पण कालांतराने मधल्या पायरीवर मोठ्यांचे वजन पडले. ज्या वितरकाच्या विक्रीचा सिंहाचा वाटा एकाच कंपनीच्या मालातून येतो, त्याच्या लेखी तिचा शब्द म्हणजे आज्ञाच. २०१५ मध्ये अनहायझर-बुश इनबेव्हने वितरकांसाठी अशी एक योजना आणली होती, की ज्याच्या विक्रीत ९८ टक्के माल कंपनीचाच असेल, त्याला जाहिरातीच्या खर्चाचा मोठा हिस्सा परत मिळेल. पुढच्या वर्षी सॅबमिलरच्या खरेदीला मान्यता देताना अमेरिकेच्या न्याय विभागाने अशा प्रलोभनांना आळा घालणाऱ्या अटी घातल्या. लक्षात घ्या, त्या योजनेत लहानांच्या बिअरला वाईट ठरवणारे काहीही नव्हते. ती केवळ मालमोटारीत चढू नये, एवढीच तजवीज होती.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. तिथे मोठ्या ब्रुअऱ्या स्वतःच हजारो पबच्या मालक होत्या आणि त्या पबमध्ये त्यांचीच बिअर विकली जाई. १९८९ मध्ये सरकारने या मालकीवर मर्यादा घातली, तेव्हा ब्रुअऱ्यांनी पब विकले. ते घेतले पब चालवणाऱ्या नव्या बड्या कंपन्यांनी, आणि त्यांनी घाऊक सवलत देऊ शकणाऱ्या मोठ्या उत्पादकांकडूनच माल उचलला. दरवाजा उघडला खरा, पण आतला पहारेकरी फक्त बदलला.

स्वतःचा अनुभव सांगून थांबतो. आमची एक हॉप्सचा दरवळ असलेली बिअर होती, जी थंड ठेवून सहा-सात आठवड्यांत संपवली पाहिजे, असे आम्ही पिंपावर ठसठशीत लिहीत असू. एकदा मी वितरकाच्या गोदामात गेलो, तर आमची पिंपे एका मोठ्या ब्रँडच्या थप्पीमागे, शीतगृहाच्या बाहेर, तीन महिने पडून होती. त्यानंतर ती पबमध्ये गेलीही. पिणाऱ्याने दोष वितरकाला दिला नाही. ग्लासवर नाव आमचे होते.

सातू यांचे उत्तर:

जुना ब्रूअर यांचे वितरणाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, पण लहान ब्रुअऱ्यांच्या अपयशाचे सारे खापर वाटेवर फोडणे मला पटत नाही. मी प्रयोगशाळेत काम करतो आणि लहानांकडून तपासणीसाठी येणारे नमुने चाखतो, त्यावरून हे लिहितो आहे.

मोठ्या कंपन्यांच्या फिकट लागरला, म्हणजे कमी तापमानात आंबवलेल्या सौम्य चवीच्या बिअरला, नावे ठेवण्याची एक रीत पडून गेली आहे. ती बिअर कोणाला आवडो वा न आवडो, तांत्रिकदृष्ट्या ती अतिशय अवघड वस्तू आहे. तिच्यात दोष लपवायला जागाच नसते, आणि वेगवेगळ्या खंडांतल्या कारखान्यांत ती चवीला एकसारखी निघते. भरपूर हॉप्स किंवा भाजलेले माल्ट घातले की पुष्कळ चुका झाकल्या जातात, म्हणून अनेक लहान ब्रुअऱ्यांना आपल्या चुका कळतच नाहीत.

एकच दोष घेतो. किण्वनात डायॲसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो, ज्याला लोण्यासारखा वास येतो. यीस्टला शेवटी आणखी दोन-तीन दिवस ऊब मिळाली, तर ते स्वतःच हा पदार्थ शोषून घेते. मोठ्या कारखान्यात मोजणी झाल्याखेरीज टाकी गार केली जात नाही. लहान ब्रुअरीत मात्र पुढच्या बॅचचा अर्क तयार होऊन टाकीची वाट पाहत असतो, महिनाअखेरची देणी डोक्यावर असतात, आणि मालक दोन दिवस आधीच टाकी गार करून मोकळा होतो. म्हणजे खेळत्या भांडवलाची चणचण अशी थेट ग्लासात उतरते. यावरची चाचणी फुकट म्हणावी इतकी स्वस्त आहे: एक नमुना झाकून सुमारे ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावा, गार करावा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून दोन्हींचा वास घ्यावा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर यीस्टचे काम अजून बाकी आहे असे समजून टाकी गार करू नये.

हिशेबनीस, आपल्या आराखड्यात टाकीचे दिवस मोजताना हे दोन दिवस वगळू नका. सिएरा नेवाडा या अमेरिकी ब्रुअरीच्या केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये पेल एल या आपल्या बिअरच्या सुरुवातीच्या बॅचेस एकसारख्या उतरेनात म्हणून ओतून दिल्या होत्या, आणि तेव्हा त्यांच्याजवळ उधळायला पैसा होता असे नाही. याच्या उलट टोकाला न्यू अल्बियन आहे. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे जुनी भांडी आणि पिंपे जोडून ती उभारली. नव्या पिढीच्या अमेरिकी ब्रुअऱ्यांची ती पूर्वज मानली जाते. तिची बिअर नावाजली गेली, पण एक बॅच जेमतेम दीड बॅरलची, म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास. विस्तारासाठी पैसा उभा राहिला नाही आणि १९८२ मध्ये ती बंद पडली. तिच्या बाबतीत चवही कमी पडली नाही आणि कोणा बड्याने वाटही अडवली नाही. आकारच असा होता की कितीही राबले तरी हिशेब जुळणार नव्हता.

काठावरचा यांचे उत्तर:

दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे: मोठ्या कंपन्या लहानांशी केवळ लढत नाहीत, त्यांना विकतही घेतात. २०११ मध्ये शिकागोची गूस आयलंड सुमारे ३ कोटी ८८ लाख डॉलरना अनहायझर-बुश इनबेव्हकडे गेली आणि मग रांगच लागली. २०१५ मधला प्रसंग तर गमतीचा आहे. याच कंपनीच्या बडवायझर या ब्रँडने सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी एक जाहिरात दाखवली, जिच्यात भोपळा आणि पीच घातलेली बिअर हुंगत बसणाऱ्यांची टर उडवली होती. त्याच्या काही दिवस आधीच कंपनीने सिॲटलची एलिजियन ब्रुअरी घेण्याचा सौदा जाहीर केला होता, आणि एलिजियनने नेमकी भोपळा व पीचची बिअर काढलेली होती.

विकत घेतलेला ब्रँड फडताळावर लहानांच्या रांगेत उभा राहतो आणि त्यामागे मोठ्यांची वाहतूक, सवलती आणि जाहिरात असते. स्वतंत्र ब्रुअरीला खरा फटका तिथे बसतो, कारण ग्राहकाला वाटते की आपण लहानाचीच बाटली उचलली. म्हणून अमेरिकेतील ब्रूअर्स असोसिएशनने २०१७ मध्ये उलट्या बाटलीचे एक चिन्ह काढले, जे स्वतंत्र ब्रुअऱ्यांनीच वापरायचे. त्यांच्या व्याख्येत 'लहान' म्हणजे वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत! पूर्वी ही मर्यादा २० लाखांची होती. बॉस्टन बिअर ही कंपनी ती ओलांडण्याच्या बेतात आल्यावर वाढवण्यात आली. 'लहान' हा शब्दही कुठवर ताणता येतो पाहा.

विकले गेले म्हणजे तरले, असेही नाही. बॅलास्ट पॉइंट या कॅलिफोर्नियातील ब्रुअरीसाठी २०१५ मध्ये एका मद्यकंपनीने सुमारे एक अब्ज डॉलर मोजले आणि २०१९ मध्ये ती एका लहान ब्रुअरीच्या मालकांना विकून टाकली. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी बुडता बुडता वाचवलेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०१७ मध्ये सापोरो या जपानी बिअर कंपनीने घेतली आणि २०२३ मध्ये तिला टाळे लागले.

हिशेबनीस यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या आराखड्यात साठ टक्के विक्री वितरकामार्फत धरली होती. तो तक्ता आज मोडला. आता निम्म्याहून अधिक बिअर ब्रुअरीच्याच जागेत, स्वतःच्या नळांवरून विकायची आणि उरलेली आसपासच्या मोजक्या पबना स्वतः पोचवायची, असा विचार करतो आहे. यात मी काही विसरतो आहे का?

जुना ब्रूअर यांचे उत्तर:

दिशा बरोबर आहे. स्वतःच्या नळावर विकलेल्या ग्लासात वितरकाचा आणि पबचा नफा आपल्याकडेच राहतो, शिवाय बिअर टाकीपासून काही पावलांवर प्यायली जाते, त्यामुळे ती बिघडायला वावच मिळत नाही. सातू यांचा आक्षेपही मला मान्य आहे. आमच्या पहिल्या ब्रुअरीतून लोण्याचा वास येणारी बिअर बाहेर गेली होती, आणि त्याला कोणताही वितरक जबाबदार नव्हता.

मात्र पहिली चौकशी कायद्याची करा, कारण जागेवर विक्री आणि स्वतः वितरण या दोन्हींची मुभा सगळीकडे नसते. कायद्याने काय फरक पडतो ते जपानवरून कळेल. तिथे परवान्यासाठी वर्षाला किमान २० लाख लिटर उत्पादनाची अट होती. १९९४ मध्ये ती ६० हजार लिटरवर आणली गेली आणि त्यानंतरच तिथे लहान ब्रुअऱ्या जन्माला आल्या. दुसरी चौकशी कराची. ब्रिटनने २००२ मध्ये लहान उत्पादकांसाठी शुल्क निम्म्यापर्यंत खाली आणले. अमेरिकेत वर्षाला २० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणाऱ्याला पहिल्या ६० हजार बॅरलवर प्रत्येकी साडेतीन डॉलर केंद्रीय शुल्क पडते, तर मोठ्यांना १६ डॉलर. अशी सवलत आपल्याकडे लागू असेल, तर ती आराखड्यात पहिल्या पानावर यावी.

विसरलेली गोष्ट म्हणाल, तर पिंपे. एका नळामागे एक पिंप धरून चालत नाही. एक नळाला लागलेले असते, एक पबच्या शीतगृहात थांबलेले, एक रिकामे होऊन परतीची वाट पाहत पबच्या मागच्या दाराशी, आणि एक आपल्याकडे धुऊन भरले जात असते. आमच्याकडे आठ नळांना चौतीस पिंपे लागत, आणि त्यांतली दोन-तीन दर वर्षी हरवतच. प्रत्येकावर क्रमांक कोरून घ्या आणि पबकडून अनामत घेतल्याशिवाय पिंप उतरवू नका.