न्यू जर्सी: शेतीचा बांधकाम-हक्क काउंटीला विकावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हंटर्डन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आमची ३४ एकर शेती आहे. नऊ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. बरीचशी जमीन शेजाऱ्याला गवत आणि मक्यासाठी खंडाने दिली आहे. उरलेल्या तुकड्यात नोकरी सांभाळून मेथी, भेंडी, लाल माठ आणि दुधी करतो, माल एडिसनच्या दुकानांत जातो.

आता काउंटीच्या शेती मंडळाने विचारलंय, फार्मलँड प्रिझर्व्हेशनमध्ये येता का? सक्ती अजिबात नाही. स्वतंत्र मूल्यमापन करणारे दोघं येणार. घरं बांधायची मुभा असताना जमिनीची किंमत किती आणि नुसती शेतीच करायची असेल तर किती, हे ते काढणार. मधला फरक आम्हाला रोख मिळणार. पैसे राज्य, काउंटी आणि टाउनशिप (म्हणजे गावची पालिका) मिळून देतात. मालकी आमचीच राहते, विकता येते, मुलांना देता येते. पण घरांचे प्लॉट कधीच पाडता येणार नाहीत, आम्हालाही नाही आणि पुढच्या कुठल्या मालकालाही नाही.

फलटणला बाबांना फोनवर सांगितलं. पहिला प्रश्न, "सात-बारा कुणाच्या नावावर?" म्हटलं, आपल्याच. "मग पैसे कशाचे?" म्हटलं, बांधकाम न करण्याचे. बराच वेळ फोन शांत. मग म्हणाले, "आपल्याकडं एन.ए. करायला आपण सरकारला पैसे भरतो. ते न करण्याचे पैसे सरकार देतंय? कागद नीट वाच, फसवत असतील."

कागद वाचले, त्यातूनच प्रश्न निघालेत.

एक, 'एक्सेप्शन एरिया'. घरासाठी म्हणून थोडी जमीन बंधनातून बाहेर ठेवता येते. तेवढ्या जमिनीचे पैसे मिळत नाहीत, आणि ती कुठे, किती, हे मूल्यमापनाआधीच सांगावं लागतं. सह्या झाल्या की बदल नाही. बायकोला दोन्ही मुलांसाठी दोन-दोन एकर बाजूला हवेत. मुलगी चौदाची, मुलगा अकराचा. ते कुठल्या गावात राहतील हे आज कुणी सांगावं?

दोन, एक वेगळी योजना आहे, तिच्यात बांधकाम न करण्याचं बंधन आठच वर्षांचं. तिच्यात रोख काही नाही, माती-पाण्याच्या कामांना अनुदान मिळू शकतं. आधी ती करून बघावी का?

तीन, टॅक्स. एकरकमी घेतलं तर किती जाईल?

चार, खंडाने करणारा शेजारी म्हणतो, "लवकर उरक." त्याची स्वतःची जमीन हायलँड्समध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. २००४ च्या कायद्याने तिथल्या बांधकामावर बंधनं आली ती न विचारता. तुला विचारतायत तोवर विकून टाक, असं त्याचं गणित. बरोबर आहे का?

चिंचगूळ:
आम्ही दुसऱ्या टोकाला आहोत. आधीच्या मालकाने हक्क विकून टाकलेली २६ एकर आम्ही घेतली. त्यामुळेच परवडली, नाहीतर बिल्डरशी बोली लावायची आमची ऐपत नव्हती. पण त्याने एक्सेप्शन ठेवला जेमतेम घरापुरता. आज सासूबाईंसाठी शेजारी छोटं घर बांधायचंय, जागा भरपूर आहे आणि हात बांधलेले. म्हणून नकाशावर बोट ठेवण्याआधी विहीर, सेप्टिक, गोठा आणि पुढची वाढ सगळं मोजा.
आणि 'सेव्हरेबल' की 'नॉन-सेव्हरेबल' हे नीट विचारा. नॉन-सेव्हरेबल तुकडा शेतापासून कधीच तोडून विकता येत नाही. मुलांना वेगळं द्यायचं असेल तर सेव्हरेबलच लागेल, आणि तरी टाउनशिपची मंजुरी घ्यावी लागते ती वेगळीच.

पारावरचा:
बाबांना सांगा, सात-बाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद पडावी तसं हे आहे. मालक बदलला तरी नोंद पुसत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वळवणं) म्हटलं की चटकन कळतं. फरक एवढाच की टीडीआरमध्ये हक्क दुसरीकडे जाऊन तिथे मजले वाढतात, इथे तो कायमचा संपतो. (टीडीआरही अमेरिकेत आहे. मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीने १९८० च्या सुमारास शेतीसाठी सुरू केला. तिथे पैसे बिल्डर देतो.) हक्क विकत घेण्याची पद्धत न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये आणली. पन्नास वर्षं चाललेलं प्रकरण आहे, कुणी काल काढलेली स्कीम नाही.
जमिनीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर आधी बँकेकडे जा. तिने आपला हक्क ईझमेंटच्या (म्हणजे बांधकाम न करण्याच्या या कायमच्या बंधनाच्या) मागे ठेवायला लेखी संमती दिल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही.

जमाखर्च:
टॅक्सचं थोडक्यात. ही रक्कम साधारणपणे भांडवली नफ्यात धरतात, आणि नफा मोजताना जमीन तुम्ही घेतली त्या किमतीचा आधार वापरता येतो. काही भाग दान म्हणून दिलात, म्हणजे ठरलेल्या किमतीपेक्षा कमी घेतलीत, तर त्या भागाची वजावट उत्पन्नाच्या ५०% पर्यंत मिळते. बहुतांश उत्पन्न शेतीचं असेल तर १००% पर्यंत. उरलेली वजावट पुढच्या १५ वर्षांपर्यंत नेता येते. तुमची नोकरी आहे, म्हणजे बहुधा ५०% वालेच. दुसरी जमीन घ्यायची असेल तर १०३१ एक्सचेंजचं (आलेले पैसे दुसऱ्या जमिनीत घालून टॅक्स पुढे ढकलणं) सीपीएला, म्हणजे तुमच्या हिशेबनिसाला, सह्यांच्या आधी विचारा, नंतर नको.
एक गैरसमज काढून टाका. प्रॉपर्टी टॅक्स यामुळे फारसा उतरणार नाही, कारण न्यू जर्सीच्या १९६४ च्या कायद्याखाली टॅक्ससाठी तुमची जमीन आधीच शेती म्हणून धरली जात असणार.
आठ वर्षांची योजना वाईट नाही, पण मन ठरलेलं असेल तर वेळ घालवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. शेजाऱ्याची घाई मात्र त्याच्या जखमेतून आलीय. त्याची जमीन हायलँड्समध्ये, तुमची नाही. त्याच्या घाईने तुम्ही सही करू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बँकेचं डोक्यातच आलं नव्हतं, कर्ज अजून आहे. सोमवारी फोन करतो. चिंचगूळताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दोन तुकड्यांवरून ती एका सेव्हरेबल तुकड्यावर आलीय, तोही रस्त्याच्या कडेला, म्हणजे चांगली माती शेतात राहील. शनिवारी टेप आणि खुंट्या घेऊन आखायला जातोय. बाबा व्हिडिओ कॉलवर असणार. त्यांनी आत्ताच बजावलंय, बाकी सगळं मागाहून, आधी पाणी कुठल्या अंगाला लागतं ते दाखव.