कार्ड बदलण्याआधी क्लॉक बघा
मक्सचा (अनेक चॅनेल एका लाइनवर पाठवणाऱ्या मल्टिप्लेक्सरचा) लूपबॅक, म्हणजे त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून केलेली चाचणी, स्वच्छ येतो, पण लिंक जोडली की दर दोन-तीन सेकंदांनी स्लिप पडते (डेटाची एक फ्रेम, म्हणजे ठरावीक गठ्ठा, गळतो किंवा दोनदा वाचला जातो), म्हणून मक्सचं ई-वन कार्डच (2 एमबीपीएसच्या डिजिटल लाइनचं कार्ड) गेलंय, हे निदान मला पटत नाही. लूपबॅकमध्ये मक्स स्वतःच्याच क्लॉकवर (डेटाचा वेग ठरवणाऱ्या घड्याळावर) स्वतःचाच डेटा वाचतो, तिथे स्लिप दिसणार कशी? दोन्ही टोकं ‘इंटर्नल’वर (आपापल्या क्लॉकवर) असतील तर आधी एक ‘लाइन’वर (समोरून येणाऱ्या सिग्नलच्या क्लॉकवर) टाका. दोन क्लॉकमध्ये 50 पीपीएमचा (दहा लाखांत 50) फरक असला की 125 मायक्रोसेकंदांची एक फ्रेम अडीच सेकंदांत सरकते. जुळतोय ना हिशेब?

बाकी, नागपुरात मे महिन्यात मक्स बसवताय तर अर्थिंगचा रोधही मोजून घ्या. काळी माती भेगाळली की जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या इलेक्ट्रोडभोवतीची पकड सुटते. पावसाळ्यातलं रीडिंग तेव्हा कामाचं नाही. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या साइटवर आमचा वॉचमन कूलर भरायच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा.