स्नॉर्केल लावायचा की नाही? गोव्यातल्या गाडीवाल्यांनी स्पष्ट बोला

म्हादईकाठ
वाळपई, साखळी, फोंडा, जिथे बघाल तिथे थार नाहीतर जिम्नीच्या बाजूने तो काळा पाईप, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्केल, छपरापर्यंत चढलेला दिसतो आणि पावसाळा जवळ आला की सगळे विचारायला लागतात लावू का, कुठला लावू. माझं मत सांगतो, बहुतेकांनी लावू नये. तेच पैसे ब्रीदर (गिअरच्या डब्यांतली हवा ये-जा करायची नळी) वर घ्यायला, चांगल्या टायरला आणि रुतलेली गाडी ओढायच्या एका दणकट टो-स्ट्रॅपला घाला.

आकडे बघा ना. फोर्स गुरखा कंपनीतूनच स्नॉर्केल घेऊन येते, तिची पाण्यात उतरायची मर्यादा कंपनी 700 मिमी सांगते. थारला कंपनीचा स्नॉर्केल नाही, तिची 650 मिमी. फरक किती, 50 मिमी, तीन बोटं. आणि लँड रोव्हरची नवी डिफेंडर स्नॉर्केल नसताना 900 मिमी सांगते. म्हणजे गाडी किती खोल जाईल ते फक्त हवेचं तोंड कुठे आहे त्यावर ठरत नाही. डिफरन्शियलचा (दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा) ब्रीदर कुठे आहे, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) कुठे आहे, अल्टरनेटर किती खाली बसवलाय, वायरिंगचे कपलर कुठे आहेत, हे सगळं त्यात येतं. तापलेला डिफरन्शियल थंड व्हाळात, म्हणजे ओढ्यात, बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून नाहीतर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही, नंतर प्लग खोलला की ऑइल दुधाळ निघतं आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. छपरापर्यंत पाईप नेऊन यातलं काय वाचलं?

आणि वाहतं पाणी ही तर वेगळीच गोष्ट. साधारण 60 सेंमी वाहत्या पाण्यात बहुतेक गाड्या उचलल्या जातात, एसयूव्ही सुद्धा. इंजिनाला हवा मिळत राहील, पण टायर जमिनीला टेकले पाहिजेत ना. पाईप लावला की माणसाला वाटतं आपण जाऊ शकतो, मला भीती त्याची आहे.

साळकर
अजिबात पटलं नाही. तुम्ही हौसेने व्हाळात उतरणाऱ्यांचं बोलताय, आमच्याकडे पाणी स्वतःहून दारात येतं. ऑगस्ट 2019 आठवा, तिळारीचं पाणी सोडलं तेव्हा साळ, इब्रामपूर, चांदेल सगळीकडे काय झालं होतं. 23 जुलै 2021 ला तुमच्याच सत्तरीत काय परिस्थिती होती. अशा वेळी घरात म्हातारं माणूस आजारी असेल तर गाडी काढावीच लागते, आणि पाणी इतकं गढूळ असतं की रस्ता कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झालं ते दिसत नाही. तिथे 650 की 700 कोण मोजत बसणार? तुम्ही अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यात असता आणि समोरून ट्रक येतो, त्याची लाट सरळ बॉनेटवर. तुमची 50 मिमी मला तिथे हवी आहे, आणि खरं म्हणजे मला 50 पेक्षा खूप जास्त मिळते कारण लाट आली तरी इंजिन पाणी पीत नाही. मर्यादा वाढवायला नाही लावत आम्ही, मर्यादेच्या आत असताना काही चुकलं तर वाचायला लावतो.

गराजवाला_केपे
साळकरांचा लाटेचा मुद्दा बरोबर आहे. लोकांना वाटतं इंजिन बुडलं पाहिजे तेव्हा पाणी जातं, तसं नाही. 2.2 लिटरचं डिझेल घ्या, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरची जागा 550 सीसीच्या आसपास. कॉम्प्रेशन 16 धरलं, म्हणजे आतली जागा सोळाव्या हिश्श्यावर येते, तर पिस्टन वर येतो तेव्हा उरणारी जागा साधारण 36 मिली. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. 36 मिली म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे हो! आणि 2000 आरपीएमला तेच इंजिन मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा ओढतं, टर्बो सोडून. तोंडाशी पाणी आलं की ते आत जाणारच.

पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं सांगतो. बाहेरचा पाईप चकाचक आणि आत एअरबॉक्सला जोडलेला रबर होज सैल, क्लॅम्प हाताने फिरतोय. काही गाड्यांत तर होज जोडलेलाच नाही, नुसता फेंडरला भोक पाडून पाईप उभा केलेला, हवा जुन्याच जागेवरून येते. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निचरा व्हायला छोटं भोक असतं, त्यावरचा रबरी व्हॉल्व्ह तुटलेला असतो, म्हणजे खालून पाणी शिरायला दार उघडंच. तपासायचं असेल तर गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलवर, आणि स्नॉर्केलच्या तोंडावर रबराची चटई नाहीतर जाड प्लास्टिक घट्ट दाबून धरायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं किंवा पडायला लागलं तर सील ठीक. चालतच राहिलं तर हवा दुसरीकडून येते, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. रेस देऊन करू नका, चटई आत ओढली जाईल.

उसगाव_तिस्क
सगळे पाण्यावरच अडकलेत. गोव्यात आठ महिने पाऊस नसतो, तेव्हा काय असतं? धूळ. आमच्या भागात खनिजाचे ट्रक चालायचे तेव्हाची लाल धूळ ज्यांनी बघितली त्यांना समजावायला नको. सांगे, रिवणच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे दहा मिनिटं चाला आणि एअर फिल्टर काढून झटका. ऑस्ट्रेलियात लोक स्नॉर्केल लावतात ते मोठ्या प्रमाणात याच कारणाने, बंपरच्या उंचीवर धूळ सगळ्यात दाट आणि छपरावर बरीच विरळ. वर गोल फिरणारा प्रीक्लीनर बसवला तर जड कण फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडतात. ट्रॅक्टरवर, जेसीबीवर हे कधीपासून आहे, तिथे कोण म्हणत नाही की शोभेला लावलंय.

म्हादईकाठ
धुळीचं मान्य, तुम्ही रोज कच्च्या रस्त्यावर असाल तर लावा, मी नाही म्हणणार नाही. पण ताफ्यात जवळ जवळ चालताना धूळ छपराच्याही वर असते, तिथे अंतर ठेवणं हाच उपाय. आणि जो माणूस पणजीला ऑफिसला जातो आणि रविवारी चोर्ला घाटात भजी खायला जातो त्याला फिल्टर वेळेवर बदलणं पुरतं.

साळकर, तुमची अडचण मला समजते, खरंच समजते, म्हादईच्या पुराच्या वेळी मी इथेच होतो. पण तुम्ही म्हणता तशा पाण्यात फक्त स्नॉर्केलवर भरवसा ठेवून गेलात आणि वायरिंगने दगा दिला तर मध्येच गाडी बंद, आत म्हातारं माणूस. त्यापेक्षा पाणी चढायच्या आधी निघणं हाच मार्ग आहे.

साळकर
पाणी सांगून येतं का? रात्री दोन वाजता चढलं होतं.

रानवाट
मला एक विचारायचंय, हे सगळे पाईपवाले जाणार कुठे? दूधसागरला कुळ्याहून फक्त तिथल्या जीप जातात, स्वतःची गाडी नेता येत नाही, आणि पावसात तेही बंद. ते भगवान महावीर अभयारण्य आहे. म्हादई, नेत्रावळी हीसुद्धा अभयारण्यं, तिथल्या व्हाळात परवानगी नसताना गाडी घालणं म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी, तरी दर सीझनला कोणीतरी पुळणीत रुतवून बसतंच. बरं खाडीचं खारं पाणी लागलं तर स्नॉर्केल असो नसो, ब्रेक पाईप, चासीचे जोड, वायरिंगचे पिन सगळं गंजायला सुरुवात. मला या गोष्टीचा राग येतो कारण व्हाळाच्या तळाला मासे अंडी घालतात, खेकडे असतात आणि लोक व्हिडिओसाठी तीच जागा पाच वेळा ये-जा करून उकरून काढतात.

कुळागर_काणकोण
रानवाट, व्हिडिओवाल्यांबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. पण आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, व्हाळाच्या पलीकडे आहे, पूल नाही, पूर्वजांच्या काळापासून उतारावरूनच जातो. जून ते सप्टेंबर सुपारीला औषध फवारायला, नारळ आणायला जावंच लागतं. माझ्या जीपला स्नॉर्केल आहे, ब्रीदर सुद्धा बॉनेटच्या उंचीवर घेतलेत, आणि व्हाळात एका दगडावर रंगाने खूण केली आहे, पाणी खुणेच्या वर असेल तर त्या दिवशी जायचं नाही, मजूर आलेले असले तरी. पहिल्या लोमध्ये, म्हणजे सगळ्यात हळू गिअरला, चालत्या माणसाच्या वेगाने, मध्ये क्लच दाबायचा नाही. जोरात घातली तर पुढे लाट उभी राहते आणि फॅनची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला घासतात. म्हणून मला म्हादईकाठ यांचं "लावू नका" पटत नाही, "आधी ब्रीदर, मग स्नॉर्केल" म्हणा, ते पटेल.

आरसीबुक
कायद्याचं कोणीच बोललं नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम 52, कंपनीने ठरवलेल्या मूळ माहितीशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरून निकाल दिला. गुरखाला तो कंपनीतून येतो म्हणून तिथे प्रश्नच नाही. बाहेरून लावणार असाल तर आधी आरटीओत लेखी विचारा, आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. आणखी एक, साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर ते सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं. पूरग्रस्त भागातल्या लोकांनी स्नॉर्केलच्या आधी हे घ्यावं असं माझं ठाम मत.

उसगाव_तिस्क
आरसीवर एअर इनटेकची उंची लिहिलेली नसते हो. रंग, इंजिन, सीट, बॉडी याच्याशी स्नॉर्केलची तुलना कशी होईल?

आरसीबुक
लिहिलेली नसते हे खरं, पण ए-पिलरला (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) आणि फेंडरला भोकं पाडता ना. रस्त्यावर हुज्जत घालण्यापेक्षा आधी कागद हातात असलेला बरा, आणि वॉरंटीत गंजाचा क्लेम नाकारायला तेवढी भोकं पुरतात.

जिम्नी_म्हापसा
माझी पेट्रोल जिम्नी आहे, सगळे डिझेलचंच बोलताय. पेट्रोलला धोका कमी का?

गराजवाला_केपे
नाही. 1.5 लिटर, कॉम्प्रेशन 10 धरलं तर वरची जागा 40 मिली, म्हणजे जवळपास तेवढीच. उलट पेट्रोलला स्पार्क लागतो, कॉइल ओले झाले तर मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं. डिझेलला स्पार्कची गरज नाही, हवा आणि डिझेल मिळत राहिलं तर ते चालतं. म्हापशात तुम्ही पाण्यात कुठे जाणार आहात ते आधी सांगा. बाजाराजवळ तुंबलेलं पाणी एवढंच असेल तर स्नॉर्केल नको, ब्रीदरची नळी वर घ्या आणि एअरबॉक्सच्या खालचं रबर तपासा.

आणि सगळ्यांसाठी, पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. बरीच इंजिनं पाण्याने नाही, दुसऱ्या स्टार्टरने जातात. ढकलून बाहेर काढा, फिल्टर काढून बघा, ओला असेल तर पेट्रोलचे स्पार्क प्लग नाहीतर डिझेलचे ग्लो प्लग काढून आधी हाताने इंजिन फिरवायचं, पाणी बाहेर पडेल, मग पुढचं.

म्हादईकाठ
मेस्त, हे शेवटचं तर प्रत्येक पेट्रोल पंपावर लावायला पाहिजे. काणकोणकर, तुमच्यासारखी खूण करून जाणाऱ्याला मी अडवणार नाही. पण मला दुकानदारांचा राग आहे, जे गिऱ्हाईकाला ब्रीदर हा शब्दही सांगत नाहीत आणि पाईप विकतात. साळकर, तुम्ही लावणारच असाल तर गराजवाल्यांची चटईची चाचणी करून घ्या आणि चारही ब्रीदर एकत्र वर घ्या, पुढचा डिफ, मागचा डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस.

साळकर
लावणारच. पुढच्या आठवड्यात गाडी टाकतोय, ब्रीदर पण करून घेतो. पण वाहत्या पाण्यात उतरणार नाही हे मी आधीच म्हणायला हवं होतं असं नाही, आमच्याकडे ते लहान मुलालाही माहीत आहे, तुम्ही उगाच प्रत्येक स्नॉर्केलवाल्याला बेपर्वा धरू नका.